खाल्ल्या मिठाची गोष्ट

मुलाखतीच्या खोलीत उमेदवाराने प्रश्न विचारायचा नसतो, असा एक अलिखित नियम आहे. शेवटी अध्यक्ष "आपल्याला काही विचारायचं आहे का?" असे म्हणतात खरे, पण ते पंगत उठायच्या वेळी "आणखी भात वाढू का?" म्हणण्यासारखे असते. उमेदवाराने नम्रपणे "नको" म्हणायचे आणि उठायचे. गेल्या श्रावणात एका मुलीने हा नियम मोडला, आणि तेव्हापासून माझी झोप थोडी उणी झाली आहे.

प्रसंग साधाच होता. खनिजांच्या शुद्धीकरणावर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांना एक कंपनी दरवर्षी तीन शिष्यवृत्त्या देते. निवड समितीत दोन माणसे कंपनीची, एक विद्यापीठाचे, आणि एक मी. माझी नेमणूक बहुधा केसांच्या रंगामुळे झाली असावी. निवृत्त प्राध्यापक समितीत असला की समितीला जरा वजन येते, आणि त्याला जाण्यायेण्याचे भाडे व दुपारचे जेवण यांपलीकडे काही द्यावे लागत नाही.

ती मुलगी आठवी, म्हणजे शेवटची. तिचा विषय होता लाल चिखल. अ‍ॅल्युमिना काढून घेतल्यावर बॉक्साइटचा जो गाळ उरतो त्यातून स्कँडियमसारखी दुर्मिळ मूलद्रव्ये वेगळी करता येतील काय, हे तिला पाहायचे होते. उत्तरे तिने नीट दिली. जे येत नव्हते ते "येत नाही" म्हणाली. मग अध्यक्षांनी भात वाढू का विचारले, आणि या मुलीने ताट पुढे केले.

"अकरावं कलम," ती फाईल उघडून म्हणाली. "संशोधनातली कोणतीही माहिती कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय प्रसिद्ध करायची नाही, असं त्यात आहे. परवानगी नाकारता येते का? आणि नाकारली तर किती दिवसांत कळवणार?"

कंपनीचा तरुण अधिकारी हसला. वाईट हसला नाही. "हे कलम सगळीकडे असतं," तो म्हणाला. "आजवर आम्ही कुणालाच नाही म्हटलेलं नाही."

मी मान डोलावली. त्याचे म्हणणे खरे असणार, याची मला खात्री होती. पन्नास वर्षांपूर्वी मलाही कुणी नाही म्हटले नव्हते.

माझी शिष्यवृत्ती १९७२ सालची. त्या वर्षीचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना साल वेगळे सांगायला नको. आर्वीला वडील पोस्टात होते, त्यामुळे आमच्या घरी येणारे पत्र आधी त्यांच्या हातून जाई. कंपनीचा लांब पांढरा लिफाफा त्यांनी फोडला नाही. पण ड्यूटी संपेपर्यंत तो टेबलावर समोर ठेवून ते काम करीत होते, असे नंतर शिपायाने सांगितले. महिना साडेतीनशे रुपये, तीन वर्षे. त्यांतले शंभर मी घरी पाठवीत असे. मनिऑर्डरीच्या कुपनावर संदेशासाठी जी इवलीशी जागा असे तिच्यात मी "प्रकृती उत्तम, काम उत्तम" एवढेच लिही. आईने ती सारी कुपने एका दोऱ्यात ओवून ठेवली होती. त्या शंभरांत धाकट्या बहिणीचे कॉलेज चालले होते आणि तिच्या लग्नाची तजवीजही. पैशाची ही बाजू मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढची गोष्ट ऐकताना वाचकाने ती विसरू नये अशी माझी स्वार्थी इच्छा आहे.

तसे पाहिले तर त्याआधीही मी उद्योगाच्याच पैशावर शिकलो होतो. नागपूरला ज्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमध्ये मी पदवी घेतली ती संस्थाच खाणीच्या पैशातून उभी राहिलेली. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण मँगनीजच्या खाणींचे मालक. १९३० सालच्या मृत्युपत्राने त्यांनी आपली पस्तीस लाखांच्या घरातली इस्टेट उपयोजित विज्ञान आणि रसायन शिकवण्यासाठी नागपूर विद्यापीठाला दिली, आणि १९४२ मध्ये संस्था सुरू झाली. त्या काळचे पस्तीस लाख! आम्ही पोरे संस्थेला नुसते 'एलआयटी' म्हणत असू आणि त्या आद्याक्षरांमागे एक माणूस आहे हे परीक्षेच्या गडबडीत साफ विसरत असू. माझ्या मते त्या देणगीचा हाच सर्वांत मोठा गुण होता. देणारा विसरता येत होता. मँगनीजच्या धंद्याला सोयीचे तेवढेच शिका, असे त्याने म्हटले नव्हते. आणि म्हटले असते तरी विचारायला तो हयात नव्हता. त्या पैशात खाणीतल्या मजुरांचाही घाम होता, हे आज कळते. वीस वर्षांच्या वयात पैशाला वास नसतो.

कंपनीची शिष्यवृत्ती मात्र जिवंत माणसाकडून येते. ही कल्पनाही जुनीच. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात १९०७ साली रॉबर्ट केनेडी डंकन नावाच्या रसायनाच्या प्राध्यापकाने ती पद्धतशीर अमलात आणली. कारखानदाराने आपली अडचण सांगावी, पैसे द्यावेत. विद्यापीठाने एक हुशार तरुण त्या अडचणीला जुंपावा. शोध लागेल त्यावर हक्क पैसे देणाराचा. पुढे पिट्सबर्गच्या मेलन बंधूंनी ही कल्पना उचलली आणि १९१३ मध्ये तिच्यासाठी संस्थाच काढली. अमेरिकेतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या धंद्यामागेही याच मेलनांचा पैसा होता, हा योगायोग मला फार उशिरा कळला. आपल्याकडे जमशेटजी टाटांनी १८९२ साली विलायतेत शिकायला जाणाऱ्यांसाठी निधी काढला तो कर्जाऊ होता. शिकून या आणि पैसे परत करा. तरुणपणी मला हे कर्ज वगैरे जरा कंजूषपणाचे वाटे. आता वाटते, कर्ज फिटते तरी. फुकट मिळालेले कधी फिटते ते कोणी सांगावे?

माझा विषय समजायला बॉक्साइटचे काय करतात ते थोडे सांगितले पाहिजे. भिण्याचे कारण नाही. ज्याने घरात दही लावलेले पाहिले आहे त्याला ते समजेल. बॉक्साइट म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावर, राधानगरी-चंदगडकडे सापडतो तसला तांबूस, खरबरीत दगड. तो दळायचा आणि कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात घालून दाबाखाली चांगला तापवायचा. अ‍ॅल्युमिना सोड्यात विरघळते. लोह विरघळत नाही, ते तांबड्या गाळाच्या रूपाने खाली बसते. वरचे निवळ पाणी काढून थंड करायचे आणि त्यात आधीच्या घाण्यातली थोडी पांढरी भुकटी टाकायची. हे विरजण. ते पडले की दीडदोन दिवसांत द्रावणातले अ‍ॅल्युमिना पांढरे होऊन तळाशी बसते. ते धुऊन, भाजून पिठासारखे केले की काम झाले. आणि सोडा पुन्हा पुढच्या घाण्याला मोकळा. कार्ल योसेफ बायर नावाच्या ऑस्ट्रियन रसायनज्ञाला हे विरजण १८८७ च्या सुमारास रशियात पीटर्सबर्गला सापडले, आणि गंमत अशी की तो धातूच्या मागे नव्हताच. त्याला अ‍ॅल्युमिना हवे होते कापडावर रंग पक्का बसावा म्हणून. रंगाची ही गोष्ट पुढे माझ्या आयुष्यात फार वेगळ्या रीतीने आली.

सोडा पुन्हा पुन्हा वापरता येतो, यातच या धंद्याचा नफा. पण सगळा परत येत नाही. काही सिलिकेने धरून ठेवलेला असतो, काही त्या लाल चिखलाला ओल म्हणून चिकटून बाहेर जातो. म्हणून चिखल धुतात. एका मोठ्या टाकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, वरून गरम पाणी उलट्या दिशेने. जास्त धुतला तर सोडा जास्त सुटतो, पण पाणीही वाढते. मग ते आटवायला वाफ लागते, वाफेला कोळसा. सोडा महाग की कोळसा, एवढाच प्रश्न. तो तराजू कुठे ठेवावा, चिखल लवकर बसावा म्हणून त्यात किती स्टार्च घालावा, पाणी किती गरम असावे, हा माझा विषय. अ‍ॅल्युमिनाच्या दर टनामागे बाहेर जाणारा सोडा दोनतीन किलोंनी जरी कमी झाला तरी साडेतीनशे रुपये कंपनीला कितीतरी पटींनी परत मिळणार होते. माझ्या तीन वर्षांची किंमत मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती, आणि तिचा मला अभिमान वाटे.

कारखाना कुठे होता, ते मी लिहीत नाही. गावाचे नावही देत नाही. एवढेच सांगतो की तिथली बोली मला अर्धी कळे आणि अर्धी हातवाऱ्यांवरून समजून घ्यावी लागे. वर्षातून तीनचार वेळा नमुने आणायला जावे लागे. तिथल्या मुख्य रसायनज्ञांनी मला पोटच्या मुलासारखे वागवले. गेस्टहाऊसचे जेवण तिखट म्हणून त्यांच्या पत्नी रात्री घरी जेवायला बोलावीत आणि निघताना वाटेसाठी दशम्या बांधून देत. एकदा मला ताप भरला तेव्हा त्या सज्जन गृहस्थाने रात्री दोनदा येऊन कपाळाला हात लावून पाहिला. कंपनी ही वस्तू मला कधी दिसली नाही. मला दिसले ते हे दोघे. मिठाला जागायचे म्हणजे कोणाच्या मिठाला, हा प्रश्न म्हणूनच अवघड होतो. कंपनीचे मीठ त्या बाईंच्या हातच्या आमटीतून पोटात गेलेले असते.

चिखलाचे तळे कारखान्यामागे होते. मातीचे बांध, आत तांबडा गारा, वर उन्हात पडलेली पांढरी पापडी. दुरून पाहिले तर शेंदूर सांडल्यासारखे. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात तळ्याच्या कडेने नमुने घेत फिरत असताना तहान लागली म्हणून मी बांधापलीकडच्या एका घराकडे वळलो. म्हातारा ओसरीवर होता. त्याने ताक दिले. मी पाणी मागितले तर म्हणाला, "पाणी नको. ताकच प्या."

का, असे विचारल्यावर त्याने मला परसातल्या विहिरीवर नेले. पाणी स्वच्छ होते. बोटाला बुळबुळीत लागले, साबण धुतल्यावर हात राहतो तसे. मग त्याची म्हातारी बाहेर आली आणि तिने जे सांगितले ते मी अजून विसरलेलो नाही. पहिल्या वर्षी, म्हणाली, बायका खूश होत्या. डाळ भरभर शिजायची, जळण कमी लागायचे. मग भात पिवळा दिसू लागला. मग एक दिवस फोडणीत हळद घातली आणि वरण तांबडे झाले.

"हळद घातली की पाण्याचं कुंकू होतं," ती म्हणाली. "देवीचा कोप म्हणून ओटी भरली. तरी होतंच."

तिने करूनही दाखवले. पितळीत पाणी, त्यात चिमूटभर हळद. पाणी पाहता पाहता विटकरी लाल झाले. मी अकरा वर्षे रसायन शिकत होतो. प्रयोगशाळेत लिटमस, फिनॉल्फ्थॅलिन, काय काय पाहिले होते. हळद क्षारात लाल होते, हे आमच्या आर्वीच्या घरीही ठाऊक होते. हळदीचा डाग साबणाने धुताना प्रत्येक बाई ते पाहते. पण एखाद्याच्या स्वयंपाकघरात माझाच विषय पितळीत असा उभा राहील, अशी माझी कल्पना नव्हती. ज्या सोड्याचा हिशेब मी किलोंत मांडीत होतो, तोच हा. माझ्या वहीत तो 'तोटा' या सदरात होता. हा तोटा कुठे जातो, हे सदर वहीत नव्हते.

म्हाताऱ्याने शेतही दाखवले. विहिरीच्या पाण्याखालची दोन एकर जमीन चोपण झाली होती. वर पाणी घाला, ते आत मुरत नाही. वाळले की माती फरशीसारखी टणक. सोड्याने चिकणमातीचे कण सुटे होतात आणि जमिनीची छिद्रे बुजतात, हे मी त्याला समजावून सांगू लागलो. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "हे तुम्ही पुस्तकात लिहिणार?"

"लिहीन," मी म्हणालो.

मी तीन विहिरींचे पाणी बाटल्यांत भरून आणले. एक तळ्याच्या बांधाला लागून, एक मध्यावर, एक लांब ओढ्याकाठी. पुढच्या दोन खेपांनाही त्याच तीन विहिरींचे पाणी आणले. जवळच्या विहिरीत पी.एच. साडेनवाच्या वर, लांब जावे तसा सोडा उतरत गेलेला. मी पाच पाने टंकलिखित केली, एक तक्ता जोडला आणि प्रबंधाच्या शेवटी परिशिष्ट म्हणून लावली. भाषा अतिशय सौम्य होती. कोणावर ठपका नव्हता. फक्त तारखा, अंतरे आणि आकडे.

माझ्या मार्गदर्शकांनी ती पाने वाचली. चष्मा काढून पुसला. "काम चांगलं आहे," ते म्हणाले. "पण तुमच्या विषयात नेमकं बसत नाही. शिवाय तीन विहिरी म्हणजे पुरावा नव्हे. बघा बुवा, तुम्हीच ठरवा."

एवढेच. पुष्कळदा माझ्या मनात आले आहे की त्यांनी "काढून टाका" म्हटले असते तर फार बरे झाले असते. मग मी भांडलो असतो, किंवा निदान आयुष्यभर त्यांना दोष दिला असता. प्रबंधाची प्रत कलमाप्रमाणे कंपनीकडे परवानगीसाठी जायची होती. शिष्यवृत्तीचे सहा महिने राहिले होते. बहिणीचे लग्न वैशाखात ठरले होते. ते सज्जन रसायनज्ञ ही पाने वाचतील तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काय दिसेल, हे मी डोळ्यांसमोर आणून पाहिले. राग दिसला असता तर मला चालले असते. मला दिसले ते दुःख, आणि त्यांच्या मागे दशम्या बांधणारे दोन हात. तीन विहिरी म्हणजे पुरावा नव्हे, हे वाक्य माझ्या मदतीला आले. ते खरेच होते. शास्त्राच्या दृष्टीने त्यात काडीचीही चूक नव्हती. खोट्याचा आधार घेऊन माणूस जेवढा घसरतो, त्यापेक्षा अर्ध्या सत्याचा आधार घेऊन जास्त, आणि कपड्याला चिखल न लागता. मी पिन काढली, पाच पाने वेगळी केली, पिन पुन्हा लावली.

कंपनीची परवानगी आठ दिवसांत आली. सोबत अभिनंदनाचे पत्र.

एकदा पुन्हा तिथे जावे लागले, सामान आणायला. बांधापलीकडे जाऊ नये असे ठरवले होते; पण म्हाताराच वाटेत भेटला. त्याने मला लांबून ओळखले आणि हात जोडले. "लिहिलंत का, साहेब?" त्याने विचारले.

"लिहिलंय," मी म्हणालो.

हे खोटे नव्हते. पाच पाने त्या क्षणी माझ्या पिशवीत होती.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षे शिकवले. माझ्या प्रबंधातल्या धुण्याच्या पद्धतीचा कंपनीने उपयोग केला. दर टनामागे अडीच किलो सोडा वाचू लागला, असे रसायनज्ञांनी मला आनंदाने कळवले. वाचलेला सोडा म्हणजे तळ्यात न गेलेला सोडा. तेव्हा विहिरीसाठी मी काहीच केले नाही असे नव्हे, उलट कुणी केले नसेल तेवढे केले, अशी माझी मी समजूत घातली आणि ती बरीच वर्षे टिकली. समजूत पुरती खोटी नसली की फार टिकाऊ असते. पण म्हाताऱ्याला दर टनामागच्या किलोंशी काय करायचे होते? त्याला आपले पाणी कशाने बिघडले एवढे कुणीतरी कागदावर लिहून हवे होते. त्या कागदाने काय झाले असते? कदाचित काहीच नाही. कदाचित दुसरी विहीर खणून मिळाली असती. निदान त्या बाईची देवीच्या कोपातून सुटका झाली असती.

४ ऑक्टोबर २०१० रोजी हंगेरीत ऑयका येथे असल्याच एका तळ्याचा बांध फुटला. लाल चिखलाचा लोंढा कोलोंटार आणि देवेचेर या गावांत शिरला. दहा माणसे गेली, कित्येकांची कातडी सोड्याने भाजली. दूरदर्शनवर घरांच्या पांढऱ्या भिंतींवर छातीइतक्या उंचीची तांबडी रेघ दिसत होती. मुलगा म्हणाला, "बाबा, हा तुमचा विषय ना?" मी हो म्हणालो आणि उठून आत गेलो. जगात आज असा चिखल दरवर्षी पंधरा कोटी टनांहून अधिक तयार होतो. त्याचे सिमेंट करा, विटा करा, लोह काढा, स्कँडियम काढा, असे शेकडो प्रयोग झाले आहेत. वापरला जातो त्याचा अगदी थोडा भाग. म्हणूनच त्या मुलीचा विषय मला मोलाचा वाटला. आणि असले संशोधन कारखान्यांच्या पैशावाचून होणार नाही, हेही मला ठाऊक आहे. चिखल त्यांच्याकडे आहे, टाक्या त्यांच्याकडे आहेत, पन्नास वर्षांचे आकडे त्यांच्या कपाटात आहेत. कंपनीचे पैसे घेऊच नयेत, असे म्हणणाऱ्याला बहुधा धाकटी बहीण नसावी.

मुलीची निवड झाली. एकमताने झाली. ती बाहेर गेल्यावर मी समितीपुढे एक सूचना मांडली. अकराव्या कलमातला 'परवानगी' हा शब्द काढून तिथे 'पूर्वसूचना' घालावी. विद्यार्थ्याने साठ दिवस आधी मजकूर कंपनीला दाखवावा, कंपनीचे व्यापारी गुपित त्यात असेल तर तेवढेच गाळावे. पाणी, हवा आणि माणसाची प्रकृती यांविषयीचा आकडा मात्र गुपित समजू नये. माझा आवाज थोडा चढला असावा, कारण विद्यापीठाच्या गृहस्थांनी माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. तरुण अधिकाऱ्याने सारे लिहून घेतले. कायदा विभागाला विचारावे लागेल, म्हणाला. तो प्रामाणिक वाटला. उत्तर अजून आलेले नाही.

नवरात्रात तिचा फोन आला. नंबर कुठून मिळवला कोण जाणे. करारावर सही करायची मुदत दिवाळीनंतरच्या बुधवारपर्यंत आहे, म्हणाली. घरचे म्हणतात, सही कर, एवढं काय त्यात.

"सर, तुमच्या वेळी हे कलम होतं का?"

"होतं."

"मग? त्यांनी कधी अडवलं तुम्हाला?"

"नाही," मी म्हणालो. "वेळच आली नाही." आणि मग, का कोणास ठाऊक, बायकोलाही कधी न सांगितलेली ती सगळी हकीकत मी त्या अनोळखी मुलीला फोनवर सांगून टाकली. ताक, विहीर, पितळीतली हळद, पिन. ती मध्ये काही बोलली नाही. संपल्यावर मला वाटले, आता ही काहीतरी सांत्वनाचे बोलेल, आणि ते मला सहन होणार नाही.

"ती पाच पानं आहेत अजून?" तिने विचारले.

"आहेत. ट्रंकेत."

"तक्त्यासकट? तारखांसकट?"

"तारखांसकट. तीन विहिरी, तीन खेपा."

"म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीचे आकडे," ती जरा वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. कागद शोधल्याचा आवाज आला. "सर, त्या विहिरी अजून असतील का हो? गावाचं नाव काय?"

मी तिला ते सांगितले. तिने लिहून घेतले, आणि बरोबर लिहिले ना म्हणून मला एकेक अक्षर वाचून दाखवले.